ग्रास कटर बॅटरीचं घ्यावं का पेट्रोलचं? कोकणातल्या गवताच्या हिशोबाने

जूनचा पाऊस एकदा लागला की आमच्याकडे पंधरा दिवसांत सगळं हिरवं होतं आणि ऑगस्ट संपेपर्यंत तेच गवत कमरेला लागतं, पाणंदीत तर त्याहून वर. दापोली-गुहागरपासून खाली राजापूर-देवगडपर्यंत ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको. गणपती जवळ आले की मग नातेवाइकांचे, ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, ग्रास कटर घ्यायचंय, बॅटरीचं घेऊ का पेट्रोलचं, कितीपर्यंत पडेल, ऑनलाइन मागवू का. बहुतेक जण मुंबई-पुण्याला राहणारे, गावचं घर बंद किंवा घरात फक्त म्हातारी माणसं. फोनवर प्रत्येकाला अर्धंच सांगून होतं म्हणून आज सगळं सविस्तर लिहून काढते.

माझं म्हणणं असं आहे की मशीन बघायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, आपल्याकडचं गवत कुठल्या जातीचं आणि मशीन शेवटी कोणाच्या हातात राहणार. दुसऱ्या गोष्टीचा विचार फारसं कोणी करत नाही आणि मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते.

आधी गवताचं बोलू. आमच्याच घराचं उदाहरण घ्या, घराभोवती अंगण आणि परसू मिळून पाच-सहा गुंठे, त्याच्या खाली नारळ-सुपारीचं आगर, आणि वर डोंगराच्या उताराला आंब्याची कलमं आणि काजू. तिन्हीकडचं रान वेगळं. अंगणाच्या कडेला कोवळं गवत, टाकळा, तेरडा, असलं मऊ काहीतरी, ते मशीनच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने सहज उडतं. आगरात सावलीमुळे गवत बेताचंच पण पडलेल्या झावळ्या, शिंपणाचे पाइप, पाटाचे दगड, तिथे हात जपून चालवावा लागतो. आणि वरती रानमोडी, घाणेरी, काट्याकुट्यांची झुडपं, वेली, मध्येच कातळ. रानमोडीचं खोड एकदा लाकूड झालं की नायलॉन दोरी त्याच्यावर नुसती आपटत राहते आणि झिजते, तिथे ब्लेडच लागतं. आता एवढं सगळं एका मशीनने करायचं म्हटलं तर कुठेतरी ओढाताण होणारच.

पेट्रोलच्या मशीनमध्ये दोन जाती, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक. बाजारात जी स्वस्तातली ४३ किंवा ५२ सीसी लिहिलेली मशीन दिसतात ती जवळपास सगळी टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं असतं. किती मिसळायचं ते मशीनच्या पुस्तकात बघा, अंदाजे टाकू नका, कारण ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल आणि २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, बरोब्बर दुप्पट फरक आहे. कमी पडलं तर पिस्टन घासून इंजिन जाम होतं, जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो. पाच रुपयांची औषधाची सिरिंज आणून ठेवा, त्याने माप चुकत नाही. फोर-स्ट्रोकला पेट्रोल वेगळं आणि ऑइल वेगळं, होंडाचं जीएक्स ३५ इंजिन ३५.८ सीसीचं आहे, त्यात ऑइल लागतं १०० मिली, ते वेळेवर बदलायचं एवढंच. ही मशीनं पेट्रोल कमी पितात, आवाज थोडा जाड पण कमी कर्कश, धूर जवळजवळ नाही. एक मात्र लक्षात ठेवा, सगळ्या फोर-स्ट्रोकना हे लागू नाही, स्टिलची फोर-मिक्स इंजिनं फोर-स्ट्रोक असूनही मिक्स पेट्रोलवर चालतात, तेव्हा दुकानदाराला विचारूनच टाकी भरा.

आता पेट्रोलची खरी डोकेदुखी, जी कोकणात जास्त जाणवते. आपल्याकडचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलवालं आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी, मग अर्धी टाकी पेट्रोल ठेवून मशीन पडवीत महिनाभर उभं राहिलं की काय होणार, पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, बारीक छिद्रं चिकटून जातात आणि मग माणूस दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतो तरी मशीन सुरू होत नाही. तालुक्याच्या रिपेअरवाल्याकडे सप्टेंबरात जाऊन बघा, रांगेत लागलेली अर्धी मशीनं याच कारणाची असतात. उपाय सोपा आहे, काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मिक्स केलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवायचं नाही. पण हे कोण करणार? जो माणूस रोज मशीन वापरतो तो करतो. जो गणपतीला चार दिवस येतो तो मशीन भिंतीला टेकवून गाडी पकडतो.

तरीही उतारावरच्या बेणणीला, म्हणजे रान साफ करायला, मी पेट्रोलच म्हणेन आणि त्याचं कारण ताकदीपेक्षा इंधनात आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट एवढी ऊर्जा असते, छोटं इंजिन त्यातला पाचवा हिस्सा जरी दांड्याच्या टोकापर्यंत पोचवत असेल तरी पावणेदोन युनिट झाली. आणि ३६ व्होल्ट ५ एएचचा (एएच म्हणजे अँपिअर-तास) चांगला बॅटरी पॅक म्हणजे १८० वॅट-तास, म्हणजे ०.१८ युनिट. म्हणजे एक लिटर पेट्रोलची बरोबरी करायला असले दहा-बारा पॅक लागतात. उतारावर, लाईटच्या पॉइंटपासून लांब, सकाळी सातला चढलेला माणूस जेवायलाच खाली येतो, त्याने दहा पॅक कुठे न्यायचे आणि विकत घ्यायचे तरी कशाने. पेट्रोलचा छोटा कॅन बरोबर घेतला की त्याचं काम भागलं. ३५ सीसीचं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. म्हणून वरच्या कामाला, आणि विशेषतः ऑक्टोबरात गवत वाळायला लागल्यावर वणवा अडवायला बागेच्या कडेने जो पट्टा साफ करतो त्या कामाला, पेट्रोलला अजून तोड नाही. त्यातही उताराला पाठीवर घ्यायचं मशीन बघा, इंजिनाचं वजन पाठीवर राहतं आणि दांडा हातात मोकळा फिरतो.

आता बॅटरी. इथे आधी एक फसवणूक सांगते कारण त्यात भरपूर लोक अडकतात. ऑनलाइन दोन-अडीच हजारात जी मशीनं दिसतात त्यांच्यावर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, ९८ व्हीएफ असे आकडे छापलेले असतात, ते व्होल्ट नव्हेत. आत बहुतेक पाच सेलचा पॅक असतो. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२, पाच सेल म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्ट लिहिलेली मशीनं एकाच जातीची, तसंच ३६ आणि ४० व्होल्टची एकाच जातीची, त्यात दहा सेल एकापाठोपाठ असतात. तुम्ही एकच करा, खरे व्होल्ट गुणिले एएच करून वॅट-तास काढा आणि तेवढ्यावरच तुलना करा. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास, त्यात कुंडीभोवतीचं गवत होईल. ३६ व्होल्ट ४ एएच म्हणजे १४४. दाट ओल्या गवतात मोटर ४००-५०० वॅट सहज ओढते म्हणजे हा पॅक वीस मिनिटांत संपणार, आणि मऊ गवतात जपून वापरला तर त्याच्या दुप्पट चालेल. जाहिरातीत जो एक तास लिहिलेला असतो तो मशीन हवेत फिरवून मोजलेला धरा.

वीस मिनिटं ऐकून नाक मुरडू नका, कारण मला जे मनापासून सांगायचंय ते इथेच आहे. आमच्याकडे पेट्रोलचं मशीन होतं तेव्हा अंगणाचं गवत माणसाची वाट बघायचं. घरातलं कोणी ते उचलायचं नाही, सात-आठ किलो वजन, दोरीचा हिसका, आवाज, धूर, मग वाडीतल्या पोराला निरोप, त्याची आधीच दहा घरं लागलेली, तो यायचा तेव्हा गवत कमरेला. दिवसाचे हजाराच्या वर रुपये मोजायचे आणि कापलेल्या गवताचे ढीग आपण उचलायचे. आता घराभोवती बॅटरीचं आहे तर गवत घोट्याच्या वर जातच नाही. संध्याकाळी पाऊस उघडला की मी एक बाजू करते, दोन दिवसांनी दुसरी. सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्या म्हणाल्या, "दे गं इकडे, तुळशीपासचं मी करते." तीन-साडेतीन किलोचं मशीन, बटण दाबलं की सुरू. घोट्याएवढ्या कोवळ्या गवताला ताकद लागतच नाही, वीस मिनिटांत खूप होतं. म्हणजे बॅटरीच्या मशीनने काम निराळ्या तऱ्हेने होतं, थोडं थोडं, वारंवार, आणि घरातल्याच माणसांकडून. फक्त ताकद मोजत बसलं की हे दिसत नाही.

आणि अंगणातलं गवत छोटं राहिलं की साप दिसतात. आमच्याकडे फुरसं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात ते किती आहे हे वेगळं सांगायला नको, एवढंसं असतं आणि जांभ्याच्या दगडावर अजिबात ओळखू येत नाही. पोरं अंगणात खेळणार असतील तर गवत कायम कमी ठेवण्याला दुसरा पर्याय नाही. मशीन कुठलंही असो, गमबूट घाला, हाफ पँट आणि स्लिपरवर गवत कापणारी माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. डोळ्याला चष्मा आणि शक्यतो तोंडावर जाळी. खडा कुठून कसा येईल सांगता येत नाही, आणि कापताना दुसरं कोणी जवळ नको, पंधरा मीटर तरी लांब, कोंबड्या आणि पार्क केलेल्या गाड्या धरून.

आवाजाचंही सांगते कारण वाडीतली जी पोरं सीझनभर हे काम करतात त्यांची मला खरंच काळजी वाटते. पेट्रोलचं मशीन चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आवाज असतो. ८५ डेसिबलला आठ तास ठीक धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धाच तास. ही मुलं कानात काही न घालता दिवसभर चालवतात. शिवाय हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, तो कंपनाचा परिणाम, वर्षानुवर्षं झालं तर बोटांची नस आणि रक्तपुरवठा कायमचा बिघडतो. तुमच्याकडे माणूस येत असेल तर इअरमफ आणि हातमोजे तुम्हीच घेऊन ठेवा आणि त्याला घालायला लावा, मधे चहाला बसवा. बॅटरीचं मशीन आवाज करत नाही असं नाही, नायलॉन दोरी हवा कापते तो सुईंऽऽ आवाज येतोच, पण दुपारी शेजारी कोणी झोपलं असेल तर भांडण होत नाही.

दोरी की ब्लेड यावर मशीनइतकाच विचार करा. नायलॉन दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची, १९७१ सालची, गाडी धुणाऱ्या मशीनचे फिरणारे ब्रश बघून त्यांना सुचलं आणि पॉपकॉर्नच्या डब्याला मासे पकडायची दोरी बांधून त्यांनी पहिला प्रयोग केला. गंमत म्हणजे दोरीचा खरा फायदा तोच आहे जो तेव्हा होता, दगडावर, झाडाच्या बुंध्याशी आपटली तर तुटते फक्त. गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने, पायऱ्यांच्या कडेने दोरीच हवी, ब्लेड जांभ्यावर आपटलं की ठिणगी आणि हिसका दोन्ही बसतात. पण दोरी झाडाला काही करत नाही हा समज काढून टाका. कोवळ्या कलमाच्या बुंध्याभोवती दोरी फिरली तर साल निघते, पूर्ण गोल निघाली तर कलम वरून वाळत जातं आणि कशाने गेलं ते महिनाभर कळतही नाही. दोन-तीन वर्षांच्या कलमांना फुटलेल्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून बुंध्याला घाला, किंवा आळ्यातलं गवत हाताने, कोयतीने काढा.

ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी चाऱ्याचं गवत दोरीने कापूच नये. एक तर त्याचा भुगा होतो, गोळा करता येत नाही, आणि झिजलेल्या नायलॉनचे बारीक तुकडे गवतात जातात ते गाईच्या पोटात. चाऱ्याला तीन पात्यांचं ब्लेड, गवत लांब पडतं, डावीकडे ओळीने. बहुतेक सरळ दांड्याच्या मशीनचं ब्लेड वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं, मग कापलेलं आपोआप डाव्या हाताला पडतं. रानमोडी आणि झुडपांना चाळीस दात्यांचं. हलक्या बॅटरी मशीनवर मोठं ब्लेड लावू नका, त्या मशीनच्या पुस्तकात जे दिलंय तेवढंच, नाहीतर गिअर आणि मोटर दोन्ही तापतात.

बॅटरीची निगा फार नाही पण आहे. काम संपल्या संपल्या गरम पॅक चार्जरला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवू नका. सीझन संपला की अर्धा चार्ज ठेवून घरात कोरड्या जागी ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा नको, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लाईटचं म्हणाल तर पावसात आमच्याकडे ती जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण असा पॅक इन्व्हर्टरवरही चार्ज होतो, पंख्यापेक्षा थोडं जास्त ओढतो इतकंच, आणि एका चार्जला पाव युनिटसुद्धा लागत नाही, म्हणजे दोन-तीन रुपये. पाऊस पडत असताना मात्र वापरायचं नाही, पॅक बसतो तिथे पाणी गेलं की संपलं. आणि घेतानाच विचारा की याच पॅकचा दुसरा तुकडा दोन वर्षांनी मिळेल का, कितीला मिळेल. नाव नसलेल्या मशीनचा पॅक गेला की बाकी मशीन नुसता दांडा राहतो. म्हणून मी स्टिल, मकिता, बॉश असल्या ज्यांचा एकच पॅक चार-पाच मशीनना चालतो त्यांच्याकडे बघा म्हणते, पैसे जास्त जातात पण फांद्या कापायच्या करवतीला, काहींच्या तर ड्रिललाही तोच पॅक.

यूट्यूबवर तुलना बघून ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडे सपाट लॉन आणि बोटभर गवत, आणि कॅलिफोर्नियात तर २०२१ च्या कायद्यामुळे २०२४ च्या मॉडेलपासून अशी नवीन छोटी मशीनं धूर-मुक्तच असायला हवीत, म्हणजे बॅटरीचीच. त्यामागचं कारण मला पूर्ण पटतं, टू-स्ट्रोकमध्ये बऱ्यापैकी पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि ते आधी चालवणाऱ्याच्याच नाकात जातं. पण त्यांच्या लॉनवर जे मशीन छान चाललं ते आपल्या सप्टेंबरच्या रानात तसं चालेल असं धरून पैसे घालू नका.

पैशांचं एक काम जरूर करा. पेट्रोलचं ग्रास कटर, म्हणजे ब्रश कटर, शेतीसाठी घेणार असाल आणि सातबारा नावावर असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा, महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के अनुदान असतं, अर्थात ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा. आणि पूर्वसंमती येईपर्यंत मशीन विकत घेऊ नका, आधीचं बिल चालत नाही. कुठलं मॉडेल बसतं ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांना, विचारून मगच दुकानात जा.

राहिला सगळ्यांचा शेवटचा प्रश्न, एकच घ्यायचं असेल तर कुठलं. घराभोवती दहा गुंठ्यांच्या आत जागा आणि घरात कोणीतरी बारा महिने राहतंय तर ३६ व्होल्टचं बॅटरीचं, दोन पॅकसकट, डोळे मिटून. घर बंद आणि तुम्ही सणापुरते येता तर कुठलंच घेऊ नका, मशीनसकट माणूस सांगा, जुलैत एकदा आणि गणपतीआधी एकदा, पैसे कमी जातील आणि वाडीतल्या पोराला कामही मिळेल. एकराच्या वर बाग, उतार, आणि स्वतः किंवा घरचा गडी चालवणार असेल तर ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक, जवळच्या गावात ज्याचा रिपेअरवाला आहे त्याच कंपनीचं. आमच्यासारखं दोन्ही असेल तर घराला बॅटरीचं घ्या आणि पेट्रोलचं शेजारच्या दोन-तीन घरांत मिळून एक, फक्त ते कोणाच्या पडवीत राहणार आणि टाकी कोण रिकामी करणार हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.